महामार्गावरील अपघात आणि खतावणीतील सत्य

व्यापारी कुटुंबाचा महामार्गाशी दुहेरी संबंध असतो. दुकानाचा माल ट्रकने येतो-जातो आणि खरेदी-वसुलीसाठी घरातील कर्ता पुरुषही त्याच रस्त्याने प्रवास करतो. एखाद्या दिवशी भरधाव ट्रकची धडक बसते आणि दुकानाचे शटर महिनोन्महिने बंद राहते. नातेवाईक रुग्णालयाच्या धावपळीत असतात. कायद्याचा विचार फार उशिरा सुचतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्तीला अथवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. अपघात सोलापूरजवळ झाला आणि कुटुंब सांगलीस राहत असेल, तर अर्ज सांगलीतही दाखल होतो. २०१९ च्या दुरुस्तीने अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली असून ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. या तरतुदीस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी कुटुंबाने सहा महिने हीच मर्यादा मानून चालावे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तरी शासकीय योजनेतून मृत्यूबद्दल २ लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल ५० हजार रुपये मिळतात.

प्राथमिक माहिती अहवाल, घटनास्थळाचा पंचनामा, ट्रकचा क्रमांक व विमा, रुग्णालयाची व औषधांची बिले, डिस्चार्ज कार्ड आणि अपंगत्वाचा दाखला हे सर्व एका फाइलमध्ये ठेवावे. ट्रकमालकाचा माणूस रुग्णालयातच थोडी रोकड देऊन सही मागू लागला, तर ती देऊ नये. इजा किती कायमची आहे, हे तेव्हा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. वकिलाचा खर्च न झेपल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत दावा लवकर मिटतो, परंतु त्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून रक्कम पारखूनच संमती द्यावी.

ही रक्कम ठरते कशी, हे व्यापाऱ्याने विशेष समजून घ्यावे. समजा, ३६ वर्षांच्या दुकानदाराचे काम करण्याचे सामर्थ्य अपघाताने ४० टक्के घटले. त्याचे खरे वार्षिक उत्पन्न ६ लाख, पण आयकर विवरणपत्रात ३ लाखच दाखविलेले. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळवतात आणि या वयास १५ चा गुणक लावतात. ३ लाखांचे झाले ४ लाख २० हजार. त्याचे ४० टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार. गुणिले १५, म्हणजे २५ लाख २० हजार. विवरणपत्रात खरे ६ लाख असते, तर हाच आकडा, कराची वजावट सोडून, ५० लाख ४० हजार झाला असता. उपचारखर्च व वेदनांची भरपाई याखेरीज वेगळी. दरवर्षी थोडा कर वाचविणाऱ्याच्या मुलाबाळांनी अशा रीतीने एका दिवसात २५ लाख गमावलेले असतात. पत्नी साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहून खरे उत्पन्न सांगते, तेव्हा विमा कंपनीचा वकील तिच्यापुढे पतीच्या सहीचेच विवरणपत्र ठेवतो.

रस्त्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. अनेक पेढ्यांचे स्वतःचे ट्रक असतात. चालकाचा परवाना वैध नसेल, तर न्यायाधिकरण विमा कंपनीस जखमीला पैसे देण्यास सांगते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला देते. वर्षाचा हप्ता भरला म्हणजे मालक निर्धास्त झाला, असे नाही. परवाना, फिटनेस आणि चालकाची विश्रांती ही मालाच्या बिलाइतक्याच काळजीने तपासावयाची बाब आहे.

अपघात कोणाच्या हाती नसतो. कागद मात्र हाती असतो. या महिन्यात घरातील मोठ्यांनी पत्नी व मुलांना सोबत बसवून विवरणपत्रे, विमापत्रे आणि वाहनांची कागदपत्रे कोठे आहेत ते दाखवावे. विवरणपत्रातील आकडा खतावणीशी जुळतो की नाही, हेही त्याच बैठकीत पाहावे.