पित्ताशयाचा कर्करोग आणि बिननोंदीचे मजूर

पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात अधिक आढळतो, त्यातही स्त्रियांत. वाकडच्या इमारती उभारणारी पुष्कळ कुटुंबे त्याच बाजूची. हा रोग मुकाट वाढतो. कावीळ दिसू लागते तेव्हा बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते, आणि पुरता बरा करणारा उपाय तर तोच. औषधे बहुतेकदा आयुष्य थोडे वाढवतात, इतकेच. खडे असलेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हे खरे. पण खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयाच्या सूक्ष्मदर्शक तपासणीतच तो कित्येकदा अवचित, वेळेवर सापडतो. ही तपासणी पैशासाठी टाळणे हा भलताच महागडा काटकसरपणा! 1948 च्या कायद्याने आलेला कामगार विमा ठेकेदाराने नोंदवलेल्या नावालाच. बिननोंदीच्या मजुरांसाठी ही तपासणी महापालिकेने विनामूल्य व सक्तीने करावी, अशी मागणी कार्यकर्त्यांनी पिंपरीत नेलीच पाहिजे.