खाडीच्या तोंडावरचे जयगड

दर दिवाळी अंकात या सदरातून एखाद्या मुलखाची ओळख करून द्यायची, असा आमचा शिरस्ता. यंदा पाळी रत्नागिरी तालुक्यातल्या जयगडची. गणपतीपुळ्याला जाऊन आलेले वाचक म्हणतील, "त्यात काय, तिथल्या फेरीबोटीत बसून आम्ही पलीकडे तवसाळला गेलो आहोत." गेले असतील. पण मोटारीतून न उतरता खाडी ओलांडणाऱ्याला जयगड दिसत नाही, फक्त जयगडचा धक्का दिसतो.

सह्याद्रीत उगवलेली शास्त्री नदी संगमेश्वरावरून वाहत येते आणि इथे समुद्राला मिळते. ही खाडी हाच पूर्वी साऱ्या खोऱ्याचा हमरस्ता. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राही. पडाव जाऊन माणसे नि ट्रंका उतरवून आणीत. पुढे भरती साधून होड्या आतल्या गावांना लागत. आता बोट गेली, एस.टी. आली, आणि गावाची पुढची बाजू मागची झाली!

जमिनीचा स्वभाव मात्र तोच. वर जांभ्या दगडाचा काळा सडा, उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा आणि पावसाळा सरताना रानफुलांनी भरणारा. उतारावर हापूसची कलमे, त्याखाली चिऱ्यांची कौलारू घरे, माड आणि भाताचे कुणगे, आणि सर्वांत खाली खाजण नि कांदळवन. पश्चिमेला करहाटेश्वराचे देऊळ थेट समुद्रावर उभे आहे. तिथे खाऱ्या लाटांच्या शेजारी गोमुखातून गोडे पाणी पडते. मी ओंजळभर प्यालो; खरोखरच गोड!

वस्ती खारव्यांची, दालदी मुसलमानांची, भंडाऱ्यांची, कुणब्यांची. बोलण्याचे हेल निरनिराळे, पण दर्यावर पोट असणाऱ्यांचे पंचांग एकच. आज उधाण की भांग, हे कुणालाही विचारावे. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. तेव्हा जाळी विणायची, होड्या शाकारायच्या नि नारळी पौर्णिमेची वाट पाहायची. कुणब्याच्या घरातला एक तरी मुलगा मुंबईच्या गिरणीत असायचा. १९८२ च्या संपानंतर त्या मनीऑर्डरी आटल्या, पण मुंबईची वाट सुटली नाही. कितीतरी घरांचे कुलूप गणपतीत आणि शिमग्यातच निघते.

किल्ला विजापूरकरांनी सोळाव्या शतकात बांधला. पुढे तो संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला. या नाईकांचा दरारा असा की, १५८३ आणि १५८५ मध्ये पोर्तुगीज आणि विजापूरकरांना मिळून चालून यावे लागले. नंतर आंग्रे आले, आणि १८१८ मध्ये इंग्रज. पण गावात विचाराल तर तुम्हांला यांतले कोणीच भेटणार नाही. भेटेल तो जयबा. तट पुन्हा पुन्हा ढासळू लागला तेव्हा बळी जायला तो पोरगा पुढे झाला, आणि त्याच्या नावाने हा जयगड, अशी दंतकथा. किल्ल्यात त्याचे स्मारक आहे. एका गरिबाच्या पोराचे नाव गडाला मिळाले, अशी उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

आता गडापेक्षा उंच वीजकेंद्राची धुरांडी आहेत. विलायतेतल्या वेल्स प्रांतात दऱ्यांच्या पोटात कोळसा सापडला म्हणून गावे वाढली. जयगडात कोळशाचा खडा नाही, तो परदेशातून जहाजाने येतो. १२०० मेगावॉटचे हे केंद्र २०१० पासून एकेक संच करीत सुरू झाले. त्याच्या शेजारी मोठे बंदर आहे. राखेने आणि धुराने मोहोर जळेल म्हणून आंबा बागायतदार कोर्टापर्यंत गेले. डिसेंबर २०२४ मध्ये वायुगळतीचा त्रास होऊन शाळेतल्या कितीतरी मुलांना इस्पितळात न्यावे लागले. त्याच आवारात गावातल्या अनेकांना पगारही मिळतो.

मी ज्यांच्याकडे उतरलो त्या बाईंचा थोरला मुलगा कलमे राखतो आणि धाकटा कंपनीत कंत्राटावर आहे. जेवताना दोघांची जुंपली. बाई कालवांचे सुके वाढीत होत्या. मी विचारले, "वहिनी, तुमचे मत कोणाकडे?"

"भाऊ, दोघांचेही ताट मीच वाढते. या खाडीत पूर्वी किती कालवे मिळत, ते विचारा. ते मी सांगेन."

आणि त्यांनी सांगितले. कोणत्या खडकावर, कोणत्या ओहोटीला, किती टोपल्या. थोरला मधेच म्हणाला, "ह्यांना ते लिहायला सांग." धाकटा काही बोलला नाही, त्याची पाळी रात्रीची होती, तो डबा घेऊन उठला.

या नरकचतुर्दशीला दोघे भाऊ एकाच अंगणात कारीट फोडतील. मधला मुंबईत असतो. तो यायचा नाही. त्याची रजा गणपतीतच संपली.