दुर्बलतेला दिलेली सवलत

"ज्याने त्याने आपापल्या माणसांत राहावे, त्यात द्वेष कसला?" हा युक्तिवाद आम्हांस निरुपद्रवी वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेचा इतिहास पाहावा. १८५७ साली केप प्रांतातील डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने गोऱ्या व गौरेतर भाविकांची एकत्र उपासनाच शास्त्रसंमत मानली. तथापि काहींच्या दुर्बलतेपोटी वेगळ्या उपासनेस मुभा दिली. सवलतीची रूढी झाली. १९५० च्या ग्रुप एरियाज अ‍ॅक्टने तर वंशानुसार वस्त्याच विभागल्या. १९६६ मध्ये केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स हा संमिश्र वस्तीचा भाग गोऱ्यांसाठी राखीव ठरला. पुढील वर्षांत ६०,००० हून अधिक लोक हुसकले गेले. घरे जमीनदोस्त झाली. काही चर्च व मशिदी तेवढ्या उभ्या राहिल्या. शेजार मोडून वेदी राखली, तर राखले काय?

तो कायदा १९९१ साली रद्द झाला. मनातील कुंपण मात्र ज्याचे त्यानेच काढावयाचे असते. घर भाड्याने देताना वा सोयरीक जुळविताना भाडेकरूची जात आणि मुलीचा रंग विचारणाऱ्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांनी स्वतःला तपासावे. आपणही त्याच दुर्बलतेला सवलत देत नाही ना?