अंगणांतील वृक्ष व नवीं घरें

आपल्या शहरांतून जुने वाडे व बंगले पाडून त्या जागीं अनेकमजली इमारती उभ्या राहत आहेत. आमच्या विद्यार्थ्यांच्या पालकांपैकीं कित्येकांनीं असा करार केला असेल, कित्येक करण्याच्या बेतांत असतील. म्हणून अंगणांतील आंबा, चिंच, फणस ह्यांविषयीं दोन शब्द लिहिणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

‘जमीन माझी, झाड माझें, मग परवानगी कोणाची?’ असें चांगले सुशिक्षित गृहस्थही विचारतात. महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांपुरतें ह्याचें उत्तर १९७५ सालच्या वृक्षसंरक्षण कायद्यानें दिलें आहे. स्वतःच्या कुंपणांतील झाडही परवानगीवांचून तोडतां येत नाहीं. आणि अर्ज केल्यास त्याची नोटीस खुद्द झाडावर लावावी लागते, म्हणजे शेजाऱ्यांस हरकत घेतां येते. हें आम्हांस सर्वथा न्याय्य वाटतें. २०२१ सालच्या दुरुस्तीनें ५० वर्षांवरील झाडांस वारसा वृक्ष म्हटलें, व तोडलेल्या झाडाच्या वयाइतकीं नवीं झाडें लावण्याचा दंडक घातला. साठ रोपांची सावली त्या एका चिंचेइतकी केव्हां होणार, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवूं.

आमची तक्रार निराळी आहे. जें झाड तोडावयाचें नाहीं असें ठरतें, त्याचें पुढें काय होतें? नकाशावर त्याभोंवतीं एक गोल काढलेला असतो. प्रत्यक्षांत मात्र एका बाजूनें गटाराचा चर खणतात. दुसऱ्या बाजूस वाळू व खडी यांचे ढीग पडतात. मालमोटारी बुंध्याला घांसून जातात. आणि अखेरीस थेट खोडापर्यंत फरशी बसविली जाते. झाडाचीं बहुतेक मुळें जमिनीच्या वरच्या दोनतीन फुटांतच असतात व फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. तीं तुटलीं, दडपलीं, तरी पानें वर्ष दोन वर्षें हिरवीं राहतात. मग शेंडा वाळतो, एखाद्या पावसाळ्यांत फांदी कोसळते, आणि ‘धोकादायक’ म्हणून तोडण्याची परवानगी सहज मिळते. दोष कोणाचाच नाहीं!

वस्तुतः कायद्याच्या व्याख्येंत झाडास इजा करणें हेंही तोडण्यांतच मोडतें. परंतु इजा जमिनीखालीं होते, आणि मोजणारा बुंधे मोजून जातो. दिल्लींत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१३ सालीं झाडांभोंवतालचें एक मीटरच्या आंतील काँक्रीट काढण्याचा हुकूम केला. परंतु एक मीटर मोठ्या वृक्षास कितीसा पुरणार? ब्रिटनमधील मानकांत खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचें वर्तुळ राखून, काम सुरू होण्यापूर्वींच त्यास कुंपण घालावें असें आहे. आमच्या नगरपालिकांनीं असा नियम करावा, व तो होईपर्यंत पालकांनीं तो स्वतःच्या करारपत्रांत लिहून घ्यावा, असें आमचें मत आहे. ह्यापायीं एकदोन मोटारींची जागा जाईल, हें खरें. ज्याचें घरच दोन खोल्यांचें त्याला हा आग्रह आम्ही करणार नाहीं. परंतु जेथें बारा मजले चढतात तेथें जागेची सबब आम्हांस पटत नाहीं.

विद्यार्थ्यांनीं सुटींत एवढें करावें. छातीइतक्या उंचीवर दोरीनें बुंध्याचा घेर मोजावा. त्याच्या सुमारें चौपट ती त्रिज्या येते. सहा फूट घेराच्या आंब्यास जवळजवळ चोवीस फूट. कंत्राटदार येण्यापूर्वीं तेवढें वर्तुळ फक्कीनें आंखावें व वडिलांस दाखवावें.