काचा कुठे उघडायच्या, एसी कुठे लावायचा

उन्हाळ्यात जालन्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि नवीन जालन्यातल्या गाडीवाल्यांचा जुना वाद पुन्हा निघतो. ॲव्हरेज एसीने पडतो की उघड्या काचांनी? दोघांचंही खरं आहे. निकाल लावतो तो वेग.

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे गाडी चौकात उभी असली तरी तो इंधन खातो. काचा उघड्या असल्या की हवा आत घुसून गाडीला मागे ओढते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 40 किलोमीटरला जेवढा असेल, त्याच्या नऊपट 120 ला. बाजारातल्या गर्दीतून किंवा कुंडलिकेच्या पुलावरून जुन्या जालन्याकडे जाताना काचा खाली असल्या तर फारसं काही बिघडत नाही.

निधोन्याजवळ समृद्धी महामार्गावर चढल्यावर मात्र काचा लावून एसी सुरू करावा. तिथे कारला 120 ची मुभा आहे, पण 100 वर राहिलं तर हवेचा विरोध तीस टक्क्यांनी उतरतो. एसी बंद करून घामाघूम होण्यापेक्षा ही बचत कितीतरी शहाणपणाची.

खरी उधळपट्टी गावातल्या छोट्या फेऱ्यांत होते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार कडक उन्हात एसीमुळे ॲव्हरेज 25 टक्क्यांहून अधिक घटू शकतो, विशेषतः जवळच्या अंतरावर. उन्हात तापलेली गाडी थंड करताना कॉम्प्रेसर सुरुवातीलाच पूर्ण ताकदीने चालतो, आणि गारवा येईपर्यंत घर आलेलं असतं. निघताना थोडा वेळ काचा उघड्या ठेवून आतली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग एसी लावावा. गाडीत तान्हं मूल, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर मात्र इंधनाचा हिशेब करूच नये.

गाडी तापते ती सावली नसते म्हणून, आणि सावली करण्याचं काम एकट्या चालकाच्या हातचं नाही. जालन्यात 2023 मध्ये महानगरपालिका झाली. तिने बाजारपेठेतल्या आणि सरकारी कार्यालयांपुढच्या पार्किंगच्या जागा आखतानाच कडुनिंब, करंज यांच्यासाठी जागा राखावी. येत्या पावसाळ्यात रोपं लावली आणि दोन-तीन उन्हाळे टँकरने जगवली, तर ती तग धरतील.