मुलांनी आपली हुबेहूब नक्कल करावी का?



वह्या तपासताना सगळ्या वर्गाचं एकच उत्तर दिसलं की आपल्याला बरं वाटतं. फळ्यावरचं जसंच्या तसं उतरलं, म्हणजे शिकवणं पोचलं! माझं मत जरा वेगळं आहे, आणि त्याला आधार आहे संगणकावरच्या प्रयोगांचा.

या प्रयोगांत संगणकात छोटे कृत्रिम विद्यार्थी तयार करतात. त्यांना एजंट म्हणतात. जुनी पिढी एखादं काम करून दाखवते, नवी पिढी तिची नक्कल करते. मग जुनी पिढी बाद होते आणि नवी पिढी शिक्षक बनते. 1996 साली इटलीतल्या डेनारो आणि पारिसी यांनी असा अभ्यास मांडला. कोणालाही शिक्षक केलं, तर कानगोष्टीच्या खेळासारखं कौशल्य घसरत जातं. सरस एजंटच शिक्षक केले, तरी हुबेहूब नक्कल गुरूच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून शिकवण्यात थोडी गडबड मिसळतात, तिला 'नॉइज' म्हणतात. त्यामुळे बरेच विद्यार्थी किंचित बिघडतात, पण एखादा गुरूपेक्षा सरस निघतो. पुढची पिढी त्याच्याकडून शिकते. म्हणजे बदल हवा आणि निवडही हवी. गडबड फार झाली, तर मात्र शिकण्यासारखं काही उरतच नाही.

हे आपल्याकडेही घडलेलं आहे. 1290 ची ज्ञानेश्वरी हातानं उतरवली गेली आणि नकलांमध्ये पाठभेद शिरले. शेवटी 1584 मध्ये संत एकनाथांनी ती शुद्ध केली. निवड करणारं कोणी नसलं की गडबड साचत जाते. आपल्या धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. मुलांना एकदा जरूर दाखवा.

दुसरी बाजू जात्यावरच्या ओवीची. तिथे पाठ चुकला म्हणून कोणी छडी मारत नव्हतं. प्रत्येक बाई आपल्या घरचं सुखदुःख त्यात घालायची आणि आवडलेली ओवी पुढे जायची. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) शाळेत गेल्या नव्हत्या, पण ऐकलेल्या चालीत त्यांनी स्वतःचं जगणं ओतलं. नुसतं पाठांतर केलं असतं, तर त्यांची कविता आपल्याला मिळाली असती का?

आता आपला वर्ग बघा. अहिराणी बोलणारं पोरगं 'डोळा'ऐवजी 'डोया' लिहितं आणि आपण लगेच लाल पेन काढतो. प्रमाण शब्द शिकवायचाच, त्यात दुमत नाही. पण 'डोया' ही त्याच्या घरची भाषा आहे, हेही त्याला सांगायला हवं. नाहीतर ते पोरगं लिहिणंच सोडतं आणि गाईडमधलं उतरवू लागतं.

पाढे, स्पेलिंग, औषधाच्या बाटलीवरची सूचना अशा ठिकाणी नक्कल हुबेहूबच हवी. 'आपल्या शब्दांत लिहा' असं असेल, तिथे मात्र फळ्यावर उत्तर लिहूच नका. मुलांची चार वेगवेगळी उत्तरं फळ्यावर घ्या. कोणतं चांगलं आणि का, हे त्यांनाच ठरवू द्या. त्यात एक तास जास्त जाईल, पोर्शन थोडा मागे पडेल. पडू द्या. आपल्यापेक्षा चांगलं उत्तर देणारं मूल वर्गात असेल, तर ते आपल्याला दिसायला तरी हवं ना?