इंजिन उतरवण्याआधी

“इंजिन बसलंय. उतरवावं लागेल.” गॅरेजमध्ये हे ऐकलं की आपण लगेच खर्च विचारतो. माझी विनंती आहे, आधी हे विचारा: बसलंय म्हणजे नेमकं काय झालंय?

मारुती ८०० चंच घ्या. शेवटची गाडी २०१४ च्या जानेवारीत बनली, तरी अजून गावोगावी ती दिसते. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं साधं इंजिन. निळा धूर येतो म्हणून ते उतरवायला निघालेले लोक मी पाहिलेत, आणि धूर यायचा तो फक्त सकाळी स्टार्ट करताना. हा बहुतेक वेळा वॉल्व्ह सीलचा दोष. सील म्हणजे रबराच्या इवल्याशा टोप्या. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की धूर येतोय आणि ऑइलही संपतंय, तर मात्र पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्यावा.

संशय मिटवायचा तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावायचं आणि आकडे आपल्या हाताने कागदावर लिहायचे. एखाद्यात कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर गळती रिंगांपाशी. नाही चढला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारच्या दोन सिलिंडरांत सारखंच कमी असेल तर गॅस्केट त्यांच्यामध्येच गेलं असण्याची शक्यता मोठी. (डिझेल गाडीवर हा ऑइलचा प्रयोग नको.) पुष्कळदा नुसतं हेड उतरवून भागतं.

रिंगांचंच काम निघालं तर मोठा खर्च ठरवण्याआधी गंज पाहायला गाडीखाली वाका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर नक्कीच. कार्पेट उचलून पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचा. आरपार गेला, तर इंजिनाचा विषय सोडा. आरसीची १५ वर्षं भरत आली असतील तर पुनर्नोंदणीचा खर्चही याच हिशेबात धरा.

पत्रा शाबूत असेल तर इंजिन बांधून घ्या, पण “नुसत्या रिंगा टाकून देतो” याला हो म्हणू नका. सिलिंडर झिजून लंबगोल झालेला असतो. त्यात नव्या रिंगा नीट टेकत नाहीत आणि धूर परत येतो. लेथवाल्याकडून बोअर मोजून घ्या, त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन आणा, आणि पिस्टन त्याच्या हातात दिल्यावरच रिबोअर करू द्या. इंजिन तापून गेलं असेल तर रेडिएटर आणि वॉटर पंपही तपासायला सांगा. थर्मोस्टॅट काढून फेकायची आपल्याकडे खोड आहे, ती करू देऊ नका.

ब्लॉकलाच तडा गेला असेल तर बदलण्याला पर्याय नाही. कुर्ल्याच्या जुन्या स्पेअरच्या बाजारात इंजिन मिळेल, पण ते किती किलोमीटर पळालंय हे सांगणाऱ्याच्या शब्दावर. तिथेही गेज घेऊन जा. नंबर घासलेला असेल तर स्वस्त म्हणूनसुद्धा हात लावू नका. पक्कं बिल घ्या, आणि इंजिन बसवण्याआधी आरटीओत चौकशी करा. बदल झाल्यावर १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नवा नंबर चढवावा लागतो. विमा कंपनीलाही तोच नंबर लेखी कळवा; क्लेमच्या वेळी पहिल्यांदा तोच तपासतील.